श्वासाचा हिशेब : गॅसकांडानंतरची चाळीस वर्षं



डिसेंबर उजाडला की आपल्या समूहात गॅसच्या रात्रीच्या आठवणी येतात. कोण कुठल्या रस्त्याने पळालं, कोणाच्या घरी किती नातेवाईक येऊन राहिले, स्टेशनवर काय पाहिलं. हे सगळं लिहिलं गेलंच पाहिजे. पण आज मी त्या रात्रीबद्दल लिहिणार नाही. त्या रात्री जे वाचले, त्यांच्या फुप्फुसांचं पुढे काय झालं, त्यांना उपचार कसे मिळाले आणि ते उपचार चांगले की वाईट हे कोणी मोजलं का, याबद्दल लिहिणार आहे. मी डॉक्टर नाही. कॉमर्सचा पदवीधर, जन्म बँकेत गेला. पण मोजमापाचा विषय निघाला की आम्हां बँकवाल्यांना थोडं बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

आधी आपल्या लोकांविषयी दोन शब्द. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर इकडून सरकारी नोकरदार कुटुंबं इथे आली. त्यांतली कितीतरी मराठी. मग भेलचा कारखाना आला, त्याने आणखी माणसं आणली. आपली बहुतेक घरं टी. टी. नगर, अरेरा कॉलनी, भेलच्या वसाहतीत. गॅसचा मारा मुख्यतः जुन्या शहरावर झाला: जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, सिंधी कॉलनी, स्टेशन बजरिया. त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळ घरांत गॅसकांड म्हणजे 'एक रात्र' अशीच आठवण राहिली. छोल्यातल्या माणसाला विचारा, त्याच्यासाठी ती रात्र अजून संपलेली नाही. जिना चढताना रोज आठवते.

घटना थोडक्यात. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक, बाहेर पडलं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरला. पाच लाखांहून जास्त लोक त्याच्या तावडीत सापडले. जे धावले त्यांनी जोरात श्वास घेतला, म्हणून त्यांच्या पोटात म्हणा, छातीत म्हणा, वायू जास्त गेला. ओलं फडकं तोंडावर धरून घरात बसा, एवढं सांगणारंसुद्धा त्या रात्री कोणी नव्हतं.

मिक पाण्याला भिडला की पेट घेतल्यासारखा वागतो, आणि आपले डोळे, घसा, फुप्फुसं सगळी ओलीच. त्या रात्री जे गेले त्यांतल्या बहुतेकांच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. जे वाचले त्यांच्या अगदी बारीक श्वासनळ्या होरपळल्या. जखम भरली की व्रण राहतो, तसे या नळ्यांच्या आत व्रण राहिले, काही नळ्या आकसल्या, काही बुजल्या. गंमत अशी, की हा बिघाड साध्या एक्स-रेवर पुष्कळदा दिसतच नाही. फिल्म स्वच्छ, आणि माणूस मात्र अर्धी बादली उचलली की धापा टाकतोय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढची अर्धी गोष्ट याच्यावरच उभी आहे.

परळचे डॉक्टर आणि जयप्रकाश नगर

फुप्फुसांचं पद्धतशीर मोजमाप सुरुवातीलाच ज्यांनी केलं, त्यांत आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं नाव आहे. तिथल्या छातीविकार विभागाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅस लागलेल्या ११३ जणांना मुंबईत तपासलं, आणि मग तीन महिने, सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षं असं पुन्हा पुन्हा तपासलं. श्वास किती भरतो, किती जोरात सुटतो, रक्तात प्राणवायू किती पोचतो, हे सगळं टिपलं. दर वेळी सगळे ११३ परत आले नाहीत. गरीब माणूस रोजगार बुडवून तपासणीला किती वेळा येणार? पण एकाच माणसाला ठराविक अंतराने, त्याच पद्धतीने मोजायचं, हे सूत्र त्यांनी घालून दिलं. एकदाच काढलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. बॅलन्स शीटसुद्धा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवूनच वाचायची असते.

दुसरं काम मेडिको फ्रेंड सर्कलचं. हा १९७४ पासूनचा डॉक्टरांचा आणि आरोग्य कार्यकर्त्यांचा गट, त्यात महाराष्ट्रातलीही बरीच मंडळी. मार्च १९८५ मध्ये त्यांनी कारखान्यासमोरचं जयप्रकाश नगर आणि लांबचं अण्णा नगर अशा दोन वस्त्या घरोघर जाऊन तपासल्या. दोन्हीकडे गरिबी तीच, चुलीचा धूर तोच, विडी तीच. फरक फक्त गॅसचा. 'हे लोक आधीपासूनच क्षयाचे नाहीतर विडीचे रोगी' असं जे बोललं जात होतं, त्याला उत्तर देण्याचा हाच खरा मार्ग होता. जयप्रकाश नगरात दम, खोकला, छातीत दुखणं यांचं प्रमाण फारच जास्त निघालं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, याहून कितीतरी मोठं काम हाती घेतलं. सुमारे ८० हजार गॅसबाधित आणि तुलनेसाठी गॅस न लागलेले हजारो लोक नोंदवून दहा वर्षं पाहणी केली. पहिल्या तीन-चार दिवसांत कुठल्या भागात किती मृत्यू झाले त्यावरून वस्त्या तीव्र, मध्यम, सौम्य अशा वाटल्या. पण १९९४ मध्ये हे काम थांबलं. सविस्तर अहवाल बऱ्याच वर्षांनी बाहेर आला. ज्या डॉक्टरला उद्या सकाळी ओपीडीत बसायचं होतं त्याच्या हातात तो वेळेवर पडला नाही.

भरपाईसाठी मोजलं

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. १४ फेब्रुवारी १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी रुपये. पैसे वाटायचे तर कोणाला किती इजा झाली हे ठरवायला हवं. त्यासाठी लोकांच्या वैद्यकीय फायली तयार करून वर्गवारी केली गेली. सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेले आकडे असे:

फायली तपासल्या : ३,५८,७१२
इजा नाही : १,५५,२०३
तात्पुरती इजा : १,७३,३८२
कायमची इजा : १८,९२२
तात्पुरतं अपंगत्व (दोन्ही प्रकार मिळून) : ८,४८५
कायमचं अंशतः अपंगत्व : २,६८०
कायमचं पूर्ण अपंगत्व : ४०

चाळीस! साडेतीन लाखांतून चाळीस. हा आकडा वाचला तेव्हा मी बेरीज पुन्हा करून पाहिली. बेरीज बरोबर आहे. प्रश्न बेरजेचा नव्हताच, प्रश्न होता मोजायच्या पट्टीचा. श्वासाची खास तपासणी फार थोड्या लोकांची झाली, कागदोपत्री पुरावा असेल तर गुण, नसेल तर नाही, अशी टीका गॅसपीडितांच्या संघटना तेव्हापासून करत आल्या. ज्या आजारात एक्स-रे स्वच्छ असू शकतो तिथे अशा पट्टीने 'इजा नाही' लिहिणं सोपं होतं. पुढे १९९२ नंतर दाव्यांचे निवाडे सुरू झाले. शेवटी ५ लाख ७४ हजारांच्या आसपास लोक पीडित ठरले आणि त्यांतल्या बहुतेकांना मूळ भरपाई २५ हजार रुपये मिळाली. त्यातूनही आधी दिलेली अंतरिम मदत वजा.

ती अंतरिम मदत १९९० पासून ३६ वॉर्डांत माणशी दरमहा २०० रुपये होती. आमच्या शाखेत अशी पुष्कळ खाती होती. काउंटरवर येणाऱ्या बायका पासबुक पुढे करून आधी खांबाला टेकून उभ्या राहायच्या, दम खाली बसला की मग बोलायच्या. "साब, ज़रा सांस ले लूँ" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की मला कुठल्याही तपासणीविना त्यांचा आजार कळायचा. पासबुकात मात्र श्वासाचा रकाना नसतो.

उपचार : किती दिले आणि काय साधलं

उपचारांवर खर्च झाला नाही असं कोणी म्हणू नये. झाला, आणि भरपूर झाला. हमीदिया होतंच. राज्य सरकारच्या गॅस राहत विभागाने कमला नेहरू, जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी महिला व बाल, खान शाकिर अली खान अशी रुग्णालयं उभारली. छातीच्या आजारांसाठी रसूल अहमद सिद्दीकी पल्मोनरी सेंटर काढलं. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, कार्बाइडच्या भारतीय कंपनीतले शेअर विकून आलेल्या पैशातून करोंदला भोपाळ मेमोरियल, म्हणजे बीएमएचआरसी उभं राहिलं, ते २००० मध्ये सुरू झालं. साडेतीनशे खाटा, वस्त्यांमध्ये छोटी केंद्रं. खाटा मोजल्या गेल्या, ओपीडीत किती आले ते मोजलं गेलं, औषधांवर किती कोटी गेले ते मोजलं गेलं.

आमच्या बँकांतही एके काळी असंच चालायचं. कर्ज बुडीत गेलेलं असायचं, तरी त्यावरचं व्याज दर तिमाहीला उत्पन्न म्हणून जमा दाखवायचं. ताळेबंद झकास. नरसिंहम समितीनंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम आणला की जे व्याज प्रत्यक्षात आलंच नाही ते उत्पन्नात धरायचं नाही. आणि मग बँकांची खरी तब्येत दिसायला लागली. ओपीडीचा आकडा हा मला त्या कागदावरच्या व्याजासारखा वाटतो. माणूस वीस वर्षं दर महिन्याला रुग्णालयात येतोय, याचा अर्थ सेवा उत्तम आहे असाही होतो, आणि त्याला काहीच फरक पडत नाही असाही होतो. कोणता अर्थ खरा, ते त्या आकड्यातून कळत नाही.

मग काय मोजायचं? यात गूढ काही नाही. श्वास मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये जगापुढे आणलं, आणि विमा कंपन्यांना त्याचा उपयोग होईल हेही त्याच्या मनात होतं. पूर्ण श्वास भरायचा आणि जीव खाऊन नळीत फुंकायचा. एकूण जेवढी हवा सुटली तिच्या किती टक्के पहिल्या सेकंदात सुटली, हे बघतात. नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे, यालाच सीओपीडी म्हणतात. एकूण हवाच कमी भरत असेल तर फुप्फुस आखडलंय. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून आधी हे कळायला हवं.

त्यापुढचे प्रश्न असे: रोग्याला इनहेलर नीट ओढता येतो का, हे कोणी समोर बसून पाहिलं का? विडी सोडवायला मदत केली का? फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली का? श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम, सहा-आठ आठवडे, शिकवले का? सहा मिनिटांत तो किती मीटर चालतो, आणि मागच्या वर्षी किती चालत होता? वर्षातून किती वेळा दम वाढून भरती व्हावं लागलं? ज्यांच्या रक्तात प्राणवायू फारच कमी आहे त्यांना घरी रोज पंधरा तास तरी ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि ८१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांनी सिद्ध केलं होतं. म्हणजे गॅसकांडाच्याही आधी.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १९९७ पासून या आजाराचं चक्क ऑडिट सुरू केलं. दम वाढून भरती झालेल्या रोग्यांचं कुठल्या रुग्णालयात काय झालं, याची देशभर तुलना. निघालं असं, की रुग्णालयागणिक मृत्यूंत बराच फरक आहे, आणि जिथे छातीचे तज्ज्ञ जास्त तिथे रोगी जास्त वाचतात. हे वाचून बीएमएचआरसीतल्या तज्ज्ञांच्या रिकाम्या खुर्च्यांची आठवण होणं साहजिक आहे. २०१० मध्ये तिथला ट्रस्ट गेला, रुग्णालय केंद्र सरकारकडे आलं, हात बदलत बदलत आरोग्य संशोधन विभागाखालच्या आयसीएमआरकडे स्थिरावलं, पण तज्ज्ञ टिकत नाहीत ही तक्रार न्यायालयापर्यंत जात राहिली.

जे झालं, तेही सांगायला हवं

१९९४ च्या जानेवारीत एक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोग भोपाळला आला. त्यांनी ४५४ प्रौढांची पाहणी केली, दर पाचांतल्या एकाची स्पायरोमेट्री केली आणि १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं: ज्यांना गॅस जास्त लागला त्यांचा श्वास दहा वर्षांनंतरही जास्त कमी आहे, आणि दुखणं बारीक नळ्यांत आहे. बीएमएचआरसीचे डॉ. सजल डे यांनी २००१ ते २००९ या काळात श्वासाची तक्रार घेऊन आलेल्या ४,७८२ गॅसपीडितांच्या तपासण्या एकत्र करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांच्या नळ्यांत अडथळा, आणि आणखी काहींची फुप्फुसं आखडलेली. रोजच्या तपासणीचे कागद नीट जपले तर त्यातून किती कळतं, त्याचा हा नमुना.

बेरसिया रोडवर १९९६ मध्ये सतीनाथ सारंगी आणि सहकाऱ्यांनी संभावना क्लिनिक सुरू केलं, लोकांच्या छोट्या-छोट्या देणग्यांवर. ॲलोपथीबरोबर आयुर्वेद आणि योग. त्यांचं मला आवडलेलं काम म्हणजे प्रत्येक रोग्याची नोंद आणि वस्तीत घरोघर जाणारे कार्यकर्ते. दम्याच्या रोग्याला योगाने फरक पडतो असं नुसतं म्हणायचं नाही, आधी आणि नंतर श्वास मोजून बघायचा.

आणि मग न्यायालय. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समिती नेमली. ९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात तर यादीच दिली: प्रत्येक पीडिताला आरोग्य पुस्तिका आणि स्मार्ट कार्ड, सगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी संगणकावर, आजारांसाठी एकसारखी उपचारपद्धती, रिकाम्या जागा भरणं. यापुढची देखरेख जबलपूर उच्च न्यायालयाकडे. ही याचिका लढवणाऱ्यांत अब्दुल जब्बार यांची गॅस पीडित महिला उद्योग संघटना पुढे होती. जब्बारभाई स्वतः गॅसपीडित. २०१९ च्या नोव्हेंबरात ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निकालाला अकरा वर्षं उलटल्यावर उच्च न्यायालयात अंमलबजावणी झाली नाही म्हणून अधिकाऱ्यांविरुद्ध अवमानाची कारवाई चालू होती. म्हणजे आरोग्य पुस्तिकेसारखी साधी गोष्ट! बँकेचं पासबुक चुकलं तर लोक काउंटर डोक्यावर घेतात. श्वासाच्या पासबुकासाठी न्यायालयात जावं लागलं.

याची किंमत करोनात दिसली. मार्च २०२० च्या अखेरीस बीएमएचआरसी फक्त करोनासाठी राखलं गेलं, गॅसपीडितांना दुसरीकडे जायला सांगितलं. एप्रिलच्या मध्यात तो आदेश मागे घ्यावा लागला. शहरातले करोनाचे पहिले पाचही मृत्यू गॅसपीडितांचे होते, हे संघटनांनी दाखवून दिलं. कोणाची फुप्फुसं किती कमजोर आहेत याची एकत्र यादी तयार असती, तर पहिल्याच आठवड्यात आधी कोणाला जपायचं हे कळलं असतं.

आपल्या घरापुरतं

हे सगळं फक्त छोल्याचं नाही. २०१६ चा अंदाज असा, की भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रोगी आहेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी वर्षानुवर्षं सांगत आलेत, की विडी-सिगरेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो: चूल, उदबत्ती-कचऱ्याचा धूर, धुळीतलं काम. आपल्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले. 'वयामुळे दम लागतो' असं म्हणून आपण सोडून देतो.

म्हणून घरात कोणाला दम लागत असेल तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. स्पायरोमेट्री केली का? माझा इनहेलर ओढायची पद्धत बघाल का? लस कधी घ्यायची? व्यायाम कुठे शिकायला मिळेल? 'पंपाची सवय लागते' हे डोक्यातून काढून टाका. एक वही करा, तारीख आणि आकडा लिहा, जुने रिपोर्ट फेकू नका. आणि ज्यांच्याकडे गॅसच्या काळातले कागद असतील, १९८५ च्या चिठ्ठ्या, एक्स-रे, दाव्याच्या फायली, त्यांनी ते मुलांच्या हाती सोपवण्याआधी काय आहे हे एका कागदावर लिहून ठेवा. घर बदलताना सगळ्यात आधी असलेच कागद रद्दीत जातात.

तुमच्या घरच्या, शेजारच्या कोणाची अशी हकीकत असेल तर जरूर लिहा. साल आठवत असेल तर सालासकट.